उलट्या पावलांचं रेकॉर्डिंग

आयुष्यातल्या पहिल्या रेकॉर्डिंगला मी ट्रम्पेट वाजवत वाजवत स्टुडिओच्या बाहेर निघून गेलो. माझ्यामागोमाग सगळा बँडही गेला.

यात वेडेपणा माझा, पण सवय सगळ्यांची. वरातीत बँडच्या पुढे मी असतो आणि चालतो उलटा. तोंड माझ्या माणसांकडे, पाठ रस्त्याकडे. माझा खांदा उडाला की ठेका बदलायचा, ट्रम्पेट आभाळाकडे गेलं की सगळ्यांनी जोर लावायचा. जन्मभर हेच केलं. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतची लग्नं अशी पाठीनं पाहिली. दोनदा गटारात गेलो, एकदा बसलेल्या म्हशीवर बसलो, पण सूर सोडला नाही. तेव्हा स्टुडिओतही पहिला सूर लागला आणि पाय आपले निघाले मागे. उकाड्यामुळे दार उघडं होतं. शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही पाचही जण सुपारीच्या वाडीत उभे होतो.

काचेपलीकडे बटणांवर वाकून बसलेल्या स्टुडिओवाल्याला काहीच कळलं नव्हतं. "काका, शेवट काय सुंदर केलात!" तो म्हणाला. "आवाज दूर दूर जात विरून गेला." मग त्यानं मान वर केली. खोलीत फक्त माईक उभे होते.

हा स्टुडिओवाला मुंबईत बरीच वर्षं हेच काम करून रेवदंड्याजवळ वडिलांच्या वाडीत परतला होता. त्याच्या हळदीला आम्हीच वाजवलं होतं. ते त्याच्या कानातून गेलं नाही म्हणे. "तुमचा अल्बम करू या," असं तो एके दिवशी म्हणाला आणि मला दोन रात्री झोप नाही. कारण आम्ही हजार लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओत आहोत, पण त्यात आमच्या वाजवण्यावर नवऱ्याच्या मावशीच्या किंकाळ्या आहेत. नुसतं आमचं असं काही कुठेच नाही.

आणि घाई होती ती माझ्या तोंडात. वरचे पुढचे दोन दात हलायला लागले होते. ट्रम्पेट ओठांनी वाजतं, पण ओठ टेकतात दातांवर. अलिबागच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, दोन्ही काढावे लागतील."

"मग ट्रम्पेट?"

"कवळी बसवली की तुम्हाला सगळं खाता येईल."

"मी ट्रम्पेट खात नाही हो!"

त्या हसल्या, पण दातांना मुदत दिली ती पुढच्या सोमवारपर्यंतचीच. कवळीवर वाजवता येतं असं काही जण सांगतात. पण पुन्हा पहिल्यापासून सूर शोधायचा, आणि तो सापडेलच असं नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते या चार दिवसांत.

वाडीतल्या सहलीनंतर स्टुडिओवाल्यानं आम्हाला एकेका काचेच्या खोपटात बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले. आता मी खांदा उडवला तर तो दिसणार कुणाला? मी उडवत राहिलो, तिकडे ड्रमवाला आपल्याच तालात पुढे निघून गेला. हा आमचा ड्रमवाला पेणकडचा आगरी गडी, घरचे ट्रक चालवतो आणि ठेकाही तसाच, समोर कोण आहे ते न बघता. तो हेडफोन काढून ओरडला, "मास्तर, तू हायेस कुठं? मला दिसत न्हाय!"

"तुझ्या शेजारीच आहे रे!"

"मग खांदा का न्हाय हलवीत?"

"मघापासून हलवतोय! निखळायचा राहिलाय!"

तिसऱ्या दिवशी मला उभं राहून वाजवायची शिक्षा झाली. पायाभोवती खडूनं गोल काढला. गोलात पाय राहिले, पण सूर असा निघाला की जणू मी कुणाच्या दहाव्याला आलोय. शिवाय पुन्हा पुन्हा वाजवून दातांत कळ उठायला लागली. वरचा ओठ करंजीसारखा फुगला. सॅक्सोफोनवाला जवळ येऊन बसला. हा श्रीवर्धनचा, माझा मिसरूड फुटल्यापासूनचा दोस्त. माझ्याबद्दल त्याच्या तोंडून चांगला शब्द कधी निघाला नाही, आणि मला सोडून तो कधी कुठे वाजवायलाही गेला नाही.

"मास्तर, दुखतंय?"

"नाही."

"मग दुखल्यासारखं का वाजवतोस?"

तेवढ्यात स्टुडिओवाला चहा घेऊन आला आणि सहज म्हणाला, "काका, तुम्ही एकच चीज प्रत्येक वेळी वेगळी वाजवता. एकजण निघतो, बाकीचे त्याला उत्तर देतात. हा जॅझ आहे, माहीत आहे ना?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही याला चुकणं आणि सांभाळून घेणं म्हणत होतो.

"आयला, आपण जॅझ वाजवतो," ड्रमवाला म्हणाला, "आणि लोक आपल्याला हळदीला बोलावतात!"

त्याच भरात तोच पुढे म्हणाला, "मास्तराला चालू दे ना मग. होळीभोवती फिरतो तसं फिरू. मधी माईक टांगा."

स्टुडिओवाल्यानं कप खाली ठेवला. पाच मिनिटांत खोलीतले माईक हलले, मधोमध एक छताला टांगला गेला, जमिनीवर त्याच्या घरातल्या सगळ्या गाद्या आल्या आणि आमच्या चपला बाहेर गेल्या. दाराला मात्र आतून कडी लावली. माझ्यावर विश्वास नव्हता.

चौथ्या दिवशी आम्ही अनवाणी फिरायला लागलो. मी उलटा, समोर सॅक्सोफोन, मग क्लॅरिनेट, मग ड्रम, आणि गोलच असल्यामुळे माझ्या पाठीशी ढोल. मी रंगात येऊन पावलं वाढवली की ढोल माझ्या कमरेत बसायचा. त्या धक्क्यानं माझा सूर उडायचा, सॅक्सोफोन तो हवेतल्या हवेत झेलायचा आणि भलतीकडेच घेऊन जायचा. मी त्याच्यामागे! काय सांगू, अंगावर काटा होता. दात आहेत की नाहीत याची आठवण नव्हती. एकामागून एक चार चिजा झाल्या, कुणी थांबायला तयार नाही. काचेपलीकडे स्टुडिओवाला खुर्चीवर उभा राहून नाचत होता.

पाचवी शेवटची. तिच्या टोकाला एक उंच सूर आहे, तो मी खूप वेळ धरून ठेवतो. ट्रम्पेट छताकडे नेलं, सगळ्यांनी जोर केला, मी सूर लावला आणि तोंडात काहीतरी कट्कन सरकलं. सूर फाटला. मी तो तसाच ओढला, पुन्हा जुळवला आणि शेवटपर्यंत नेला. थांबलो तेव्हा तोंडात मिठासारखी चव होती.

"पुन्हा घेऊ," मी म्हणालो. पण ओठ माउथपीसला टेकवला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुन्हा होणार नव्हतं.

आम्ही पाचही जण स्पीकरसमोर गाद्यांवर बसून ऐकायला लागलो. पहिल्यांदाच मावशीशिवाय आम्ही आम्हाला ऐकत होतो. ड्रमवाला स्वतःच्याच ठेक्यावर मांडी बडवत होता, सॅक्सोफोनवाला डोळे मिटून होता. मग तो सूर आला, आणि फाटला.

"हा राहू दे," स्टुडिओवाला म्हणाला. "यासारखा दुसरा मिळणार नाही."

"दातानं घात केला रे," मी हळहळलो. "नाहीतर हा सूर म्हणजे माझा हातखंडा!"

सॅक्सोफोनवाल्यानं डोळे उघडले. "दाताला कशाला बोलतोस? हा सूर तू माझ्या लग्नातसुद्धा इथंच फाडलास. तेव्हा तुला बत्तीसच्या बत्तीस होते."