सगळ्यांच्या निबंधातली छत्री

शाळेत बेसबॉल आणला मुख्याध्यापकांनी. ते अमेरिकेत शिकून आले होते. सोलापुरात तो खेळ कुणाला ठाऊक नव्हता, तरी खेळाची फी सर्वांकडून घेत, आणि त्या फीतूनच माझा पगार निघे. खेळाडू ज्या वर्गात होते, त्या वर्गाला इंग्रजी शिकवायला मला ठेवलं होतं. जो इंग्रजीत नापास, तो संघाबाहेर, असा नियम होता. 'बाई, मुलं पास व्हायला हवीत,' एवढंच मला सांगितलं होतं. ते वाक्य मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

सहामाहीला मी 'माझा आगगाडीचा प्रवास' हा निबंध घातला. पेपर तपासू लागले, तर प्रत्येक खेळाडू कुर्डुवाडीला गेलेला, आणि प्रत्येकाच्या निबंधात गाडीत एक छत्री विसरलेली! बाकी वर्गाच्या निबंधांत छत्री कुठेच नव्हती. खेळाचे सर आदल्या आठवड्यात माझ्या वर्गाबाहेर दोनदा घुटमळले होते. विषय फोडून त्यांनीच एक निबंध पाठ करून घेतला असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

संघात चेंडू टाकणारा मुलगा भवानी पेठेतला, घरी तेलुगू बोलणारा. वडील मागावर काम करत. खेळतो म्हणून त्याची शाळेची फी माफ होती. संघातून गेला की शाळाही गेली. त्याला मी एकट्याला बोलावलं आणि निबंधात नसलेलं विचारलं.

"गाडीत तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"कुणी न्हाय बाई. मी दारात हुतो. सर लई ओरडले."

"का?"

"हात भाईर काढला म्हणून. त्याच हातानं चेंडू टाकायचा की!"

"आणि छत्री?"

"सरांची. कुर्डुवाडीला सगळे रेल्वेवाल्यांशी सामना खेळायला गेलतो, येताना गाडीत ऱ्हायली. सोलापूर येस्तोवर सर कुणाशी बोलले न्हाईत."

"दुसरा एखादा प्रवास का नाही लिहिलास?"

"आगगाडीचा? तेवढाच झालाय की, बाई."

मी निबंध पुन्हा काढले. एकात छत्री बाकाखाली होती, एकात खिडकीला अडकवलेली. चुकाही ज्याच्या त्याच्या होत्या. तो मुलगा काठावर पास होत होता; मी एक गुणही वाढवला नाही.

सगळे खेळाडू पास झालेले पाहून मुख्याध्यापकांनी पेपर उघडलेच नाहीत. "समजूतदार आहात तुम्ही," ते हसून म्हणाले. मी कुर्डुवाडीचं सांगू लागले.

"हो, हो. प्रवास. छान!"

"दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या ना."

"कशाला? एखादा नापास व्हायचा."

बाहेर व्हरांड्यात तो मुलगा उभा होता. "बाई, लई उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले? तू पास झालास."

"व्हय बाई," तो म्हणाला आणि हसला, अगदी मुख्याध्यापक हसले होते तसा.