मांडवाखालच्या तीन बाटल्या

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी वाकडेवाडीच्या स्टँडवरून नारायणगावची एसटी पकडली, तेव्हा माझ्या मांडीवर थर्माकोलचा डबा होता. आत बर्फ आणि बर्फात बीअरच्या तीन बाटल्या. दोन आमच्या कारखान्यात नेहमी होणाऱ्या. तिसरीवर लेबल नव्हतं, गळ्याशी नुसती दोऱ्याची गाठ होती. प्रवास त्या तिसरीसाठी होता.

पुण्याजवळच्या एका लहानशा बीअर कारखान्यात मी नोकरी करतो. शिकलो मेकॅनिकल. बॉयलर आणि टाक्या सांभाळायला लागलो आणि हळूहळू चव घ्यायला शिकलो. बीअरला कडवटपणा आणि सुगंध येतो तो हॉप्समुळे (एका वेलीची कागदी पाकळ्यांची हिरवी फुलं). आम्ही ती परदेशातून मागवतो. माझा कॉलेजातला मित्र योगेश यानं मात्र येडगावला, वडिलांच्या म्हणजे नानांच्या द्राक्षबागेला लागून, तीन वर्षांपूर्वी या वेलींच्या दोन ओळी लावल्या. यंदा संक्रांतीच्या सुमाराला पहिल्यांदा पुरेशी फुलं आली. त्यांची मी एका लहान टाकीत बीअर केली.

ती बिघडली. आंबताना टाकीतून उकडलेल्या अंड्यासारखा वास सुटला आणि पुरता गेलाच नाही. वरिष्ठ म्हणाले, “फुलांत दम नाही.” मला मात्र वाटत राहिलं की चूक माझीच आहे, टाकी नीट धुतली नसेन. योगेश फोनवर म्हणाला, “तू घेऊन ये. जमलं नसंल तर उद्याच वेली उपटतो आन् द्राक्ष लावतो. नानांनी तीन वर्षं कळ काढली, आता किती थांबवू त्यांना?”

मंचर आलं तशी मान आपोआप अवसरीच्या रस्त्याकडे वळली. परांड्याहून पत्र्याची पेटी घेऊन मी इथल्या कॉलेजात आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा योगेशच्या आईनं, म्हणजे काकूंनी, मला येडगावला नेऊन तीन आठवडे ठेवून घेतलं. परीक्षा सुरू झाली तशी नाना मला रोज मोटारसायकलवर मागे बसवून अवसरीला आणायचे आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहायचे. अशा माणसाला आज “तुमच्या मुलाची फुलं नापास” असं सांगायला मी चाललो होतो.

नारायणगावात टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअपनी रस्ता अडवला होता. येडगावच्या जीपमध्ये कसाबसा शिरलो. शेजारच्या आजोबांनी डब्यावर टिचकी मारली.

“पावणं, जनावराची लस का?”

“नाही, बीअर आहे.”

जीपमधली सगळी डोकी डब्याकडे वळली. मग मागून एक बाई म्हणाल्या, “मंग आमच्या म्हशीपास्नं लांब ठिवा, भाऊ. आधीच लई डोकं चालवती ती.” हसण्याच्या भरात ड्रायव्हरनं खड्डा चुकवला नाही आणि बर्फाचं पाणी माझ्या पँटवर सांडलं.

येडगावला उतरलो की आधी धरणाचं पाणी दिसतं. उन्हात पत्र्यासारखं चमकणारं, काठाला बगळे. पाण्यापासून वर चढत गेलेल्या द्राक्षबागा, त्यांत घडांची तोड चाललेली. योगेश फाट्यावर उभा होता. त्यानं डबा हातात घेतला, पण बीअर कशी झाली ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

काकूंनी मासवडीचा बेत केला होता (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेल्या वड्या, सोबत झणझणीत रस्सा). “आधी जेवा. मंग तुमचे ते उद्योग. आन् घरात न्हाई, तिकडं मांडवाखाली!” आम्ही रस्सा न घेता जेवलो. तिखटानं जीभ मरते. काकू रुसल्या, ते वेगळंच.

द्राक्षाच्या मांडवाखाली सतरंजी टाकली. चहाचे काचेचे ग्लास धुऊन घेतले, तोंड साफ करायला पाणी आणि कोरडे कुरमुरे. नाना थोडे लांब, क्रेट पालथा घालून बसले, काकू खांबाशी उभ्या राहिल्या. त्यांनी उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही.

पहिली बाटली फोडली. सोनेरी रंग, संत्र्याच्या सालीचा वास, कडवटपणा येतो आणि नमस्कार करून निघून जातो. योगेश म्हणाला, “ही लई सोज्वळ राव.” दुसरी तांबूस. कैरीच्या चिकासारखा तीव्र वास, आणि कडूपण जिभेच्या मागं कडुनिंबाच्या काडीसारखं रेंगाळणारं. योगेशनं डोळे मिटून घोट घेतला. “हिला पाठीचा कणा हाय.” आम्ही पहिलीकडे परत गेलो, पुन्हा दुसरीकडे आलो. तिसरीला दोघंही टाळत होतो.

शेवटी त्यानंच दोऱ्याची गाठ सोडली.

पहिल्या क्षणाला गवती चहाचा सुंदर वास आला. त्याच्या मागोमाग काडेपेटीचा. मग अंड्याचा. योगेशनं घोट घेतला, गिळला आणि ग्लास खाली ठेवला.

“माझी चूक असेल,” मी म्हणालो. “टाकी—”

“ऱ्हाऊ दे. उद्या उपटतो.”

“बघू मला,” नाना म्हणाले. त्यांनी ग्लास घेतला, ओठांपासून वीतभर लांब धरला, नाकाशी नेला. एकदा. दोनदा. आयुष्यभर त्यांनी द्राक्षावर मारायच्या औषधांची पोती वासावरून ओळखली आहेत.

“गंधक हाय ह्ये.”

योगेश म्हणाला, “गंधक कुठनं येईल? मी तर एक चिमूट मारलं न्हाई.”

नानांनी ग्लास जपून सतरंजीवर ठेवला. “मी मारलं.”

योगेश संक्रांतीआधी तीन दिवस बहिणीकडे वास्तुशांतीला गेला होता. नाना सकाळी बागेत आले तर या वेलींच्या पानांवर भुरी दिसली (पिठासारखी पांढरी बुरशी). द्राक्षावर भुरी आली की इथला कुठलाही माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. “पंप लावला तर फुलं झडतील म्हणलं. म्हणून फडक्यात बांधून हातानं झटकलं, येक येक वेलीवर. तू तीन वर्षं लेकरावानी संभाळलेलं... माझ्या डोळ्यादेखत कसं जाऊ देऊ?” भुरी गेली. आठवड्यानं फुलं खुडली. सांगायचं राहूनच गेलं.

फुलांना चिकटलेलं गंधक टाकीत उतरलं आणि त्याचा असा वास झाला, हे मी समजावून सांगितलं. योगेश वडिलांकडे बघत होता आणि नाना स्वतःच्या तळव्यांकडे.

मग मला सुचलं. “नाना, गंधक झटकायच्या आधी खुडलेली थोडीतरी फुलं असतील का?”

योगेशनं नकारार्थी मान हलवली. पण काकू घराकडे वळल्या होत्या. त्यांच्याकडे कुठलंही नवं पीक आधी देवापुढे जातं. पहिली मूठभर फुलं नानांनी झटकायच्या आधीच देव्हाऱ्यात पोचली होती आणि तिथंच वाळली होती. ताटलीत हळदीकुंकवाच्या कणांसकट ती आली.

“पर देवाची फुलं दारूत बुडवायची न्हाईत,” काकूंनी बजावलं.

“गरम पाण्यात चालतील?”

त्यांनी विचार केला. “काढा म्हणून चालंल.”

तपेलीत पाणी आलं. फुलं टाकली, वर ताटली झाकली. ताटली उचलली तेव्हा गवती चहा, लिंबाची पानं आणि किंचित ओल्या गवताचा वास मांडवाखाली पसरला. काडेपेटी नाही, अंडं नाही. योगेश तपेलीवर वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

पहिला ग्लास नानांना दिला. हे त्यांना पिता येण्यासारखं होतं. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं झालं, मग हळूहळू सरळ झालं. दुसरा घोट त्यांनी न सांगता घेतला.

“कडू हाय,” ते म्हणाले. “पर ह्ये कडू चांगलं हाय.” मग योगेशकडे न बघता, “उद्या काय उपटाउपटी करायची न्हाई.”

ऊन उतरायला लागलं तसं नाना मला मोटारसायकलवर नारायणगावला सोडायला निघाले. मागे बसून मी पूर्वीसारखंच त्यांच्या खांद्याला धरलं. डब्यात आता बाटल्यांऐवजी द्राक्षं होती. मी एसटीत चढताना ते म्हणाले, “पुढल्या खेपंला मला पाजू नको. वास घ्यायला तेवढा बोलाव.”

मी जीभ तयार करायला चार वर्षं घालवली आणि माझी चूक कुठं ते शोधत बसलो. एक घोटही न घेता नानांनी स्वतःची चूक ओळखली आणि सगळ्यांदेखत सांगितली. मला या घरानं बरंच काही शिकवलंय, त्यात हेही आलं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात टाकी धूत असताना योगेशनं फोटो पाठवला. दोन्ही ओळी जागच्या जागी होत्या. टोकाच्या खांबाला गंधकाचं ते पिवळं फडकं नानांनी धुऊन, पिळून, घट्ट गाठ मारून बांधलं होतं. इथून पुढं झटकायचं नाही, ही खूण.