गादी कुणाची?

हुसेनसाब नदाफांचं गादीचं दुकान आणि माझी पिठाची गिरणी यांच्यात एकच भिंत आहे. त्यांचा कापूस माझ्या पिठात येतो आणि माझं पीठ त्यांच्या कापसात जातं, यावरून आम्ही कितीतरी वर्षं भांडतो आहोत. मी तोंडाची फटकळ आणि ते मनाचे संशयी, त्यामुळे भांडण कधी मिटत नाही आणि मिटलं तर दोघांनाही चैन पडायचं नाही. कोरोनाने माणूस संशयी झाला असं लोक म्हणतात. हुसेनसाबांच्या बाबतीत ते खोटं आहे. त्याआधीही कापूस विकायला कुणी आलं की ते पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळाचा कापूस बाहेर काढून बघायचे. वर चांगला आणि खाली कचरा असणारच, हे त्यांचं ठाम मत. पण तेव्हा त्यांचा संशय मालावर होता, माणसावर नव्हता.

गादीवाल्याच्या घरात खोकला पाहुणा म्हणून येत नाही, तो घरचाच असतो. कापूस पिंजताना जी बारीक धूळ उडते ती नाकातोंडात जाते. हुसेनसाब खोकतात, त्यांची बायको बिस्मिल्ला खोकते, आणि भिंतीच्या अलीकडे पिठाने मी खोकते. पेठेत याचं कुणाला काही वाटत नसे. गिऱ्हाईक आमच्या खोकल्यात बोलून काम उरकून जात असे.

आणि मग ते वर्ष आलं. खोकणं म्हणजे जणू गुन्हा झाला. पहिल्याच उन्हाळ्यात बिस्मिल्लाला ताप आला, तपासणीत निघालं, आणि भरदुपारी गाडी येऊन तिला घेऊन गेली. गल्लीला दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकले. त्याच महिन्यात हुसेनसाबांचा थोरला भाऊ दवाखान्यात गेला तो परत आला नाही. त्याला मातीही धड देता आली नाही. बिस्मिल्ला मात्र बरी होऊन आली. चार दिवस वेगळं राहा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि हुसेनसाबांना शुगर, म्हणून त्यांनी आपलं अंथरूण उचललं आणि घरापासून दोन गल्ल्या अलीकडे असलेल्या या दुकानात आणून टाकलं.

ते चार दिवस काही संपेनात. पत्रे निघाले, दुकानं उघडली, परत बंद झाली, परत उघडली. दोघांनी लशीचे दोन्ही डोस घेतले. तरी हुसेनसाब झोपायला दुकानातच. मी विचारलं की म्हणायचे, "मशीनच्या वायरी चोरत्यात अक्का. राखण नको?" कापूस पिंजायच्या त्या जुनाट मशीनच्या वायरी चोरायला चोराला वेड लागलं होतं का? बिस्मिल्ला रोज दुपारी डबा घेऊन यायची. तो दारातल्या फळीवर ठेवायची आणि मागे सरायची, मग हे उठून घ्यायचे. नंतर ती दुकानाच्या दारात बसून गाद्यांच्या खोळी शिवायची आणि हे आत मशीनपाशी. मधे खोलीभर अंतर. तिला खोकला आला की हुसेनसाबांचा हात थांबायचा. ते वळून बघत नसत, पण कान तिकडे असायचा, हे मला भिंतीच्या कडेने दिसत होतं.

एकदा ती माझ्याकडे दळण घेऊन आली आणि पिठाच्या डब्यावर हात ठेवून उभीच राहिली. म्हणाली, "अक्का, खरं सांगा. माज्यात आजून काय ऱ्हायलंय का? मला घान वास येतोय का? घरात एकटी झोपते मी. पोरगा हमजा पुन्याला. भिताडाशी बोलायचं का आता?"

मी म्हटलं, "तू तेला इचार की."

"इचारलं. म्हनले, काय सांगता येतंय का."

काय सांगता येतंय का! हे वाक्य त्या दिवसांत हुसेनसाबांनी इतक्या वेळा ऐकवलं की माझं डोकं उठायचं. दिवाळी तोंडावर आली, निर्बंध उठले, शाळाही उघडायला लागल्या, आणि लोकांनी घरातल्या जुन्या गाद्या बाहेर काढल्या. आपल्याकडे गादी टाकून देत नाहीत. कापूस दबला, त्याचे गठ्ठे झाले की ती गादीवाल्याकडे नेतात. तो ती उसवतो, कापूस पिंजून उन्हात टाकतो आणि नव्या खोळीत भरतो. हुसेनसाबांचा बहुतेक धंदा याच कामावर. पण त्या दोन वर्षांत कुठल्या गादीवर कोण निजलं होतं, कोण उठलं आणि कोण उठलंच नाही, हे कोण सांगणार? मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये म्हणतात, पण तेव्हा कुणी कुठलं पाळलं होतं?

म्हणून हुसेनसाबांनी एक प्रश्न धरला. गादी खाली उतरवायच्या आधीच ते विचारायचे, "गादी कुणाची?"

मोहोळचे जोतिराम टेम्पोत चार गाद्या घालून आले. जुनं गिऱ्हाईक. हुसेनसाब दारातच आडवे.

"चार? एकदम?"

"दिवाळी हाय की."

"गेल्या दिवाळीला का न्हाय आणल्या?"

"गेल्या दिवाळीला तुमचं दुकान बंद हुतं की हो!"

"हुतं. पन एकदम चार म्हंजी घरातली मान्सं किती? आन त्यातली आता हायत किती?"

जोतिराम आधी हसले, मग त्यांच्या ध्यानात आलं की हा माणूस थट्टा करत नाही. त्यांनी आईची शपथ घेतली. हुसेनसाब म्हणाले, "आई कशी हाय?" तिथं मात्र जोतिरामांचा पारा चढला. "म्हातारी ठणठणीत हाय, तुमच्या छाताडावर बसंल!" असं ओरडून त्यांनी टेम्पो वळवला आणि चारही गाद्या घेऊन गेले. मी गिरणी बंद करून बाहेर आले आणि हुसेनसाबांना चांगलंच फैलावर घेतलं. गिऱ्हाइकाला हाकलून लावायचं असेल तर दुकान तरी कशाला उघडलं? ते शांतपणे म्हणाले, "अक्का, तिला खोकला हाय. गादी उसवली की सगळ्या आदी धूळ तिच्या नाकात जाती. तिला दुसऱ्यांदा झालं तर?"

मला राग आला होता, तो तिथंच अडकला. बायकोजवळ झोपायची भीती वाटते आणि तिच्या नाकात कुणाची धूळ जाईल याचीही भीती वाटते, अशा माणसाला काय बोलणार? मी दळायला गेले.

पुढच्या आठवड्यात मागच्या गल्लीतली उत्कर्षा आली. पोरगी तशी धीट, बालवाडीत शिकवते. नवरा आदिनाथ अँब्युलन्स चालवतो. रिक्षात दुमडून एक मोठी गादी आणली होती. हुसेनसाबांनी टाके बघताच ओळखली. तिच्या लग्नात त्यांनीच भरून दिली होती, दोघांची, जाड, चांगल्या कापसाची. तरी प्रश्न तोच.

"माझीच आहे, चाचा. तुम्हीच तर दिलेली."

त्यांनी ती फरशीवर पसरली आणि गुडघ्यावर बसून तळहाताने चाचपायला सुरुवात केली. गादीवाल्याला गादी चाचपली की घरातलं बरंच कळतं. कोण जड, कोण कुशीवर झोपतं, सगळं कापसात उतरतं. त्यांचा हात एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला आणि थांबला. परत गेला, परत थांबला. डावीकडे खोल खड्डा पडला होता. उजवीकडची बाजू मात्र भरीव, फुगलेली, तिच्यावर बऱ्याच दिवसांत कुणी पाठ टेकलेली नव्हती. माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी गिरणी थांबवली आणि बाहेर आले.

हुसेनसाब उठून मागे सरले. मास्क नाकावर ओढून घेतला.

"आदिनाथ कुटं हाय?"

"ड्युटीवर."

"खरं सांग पोरी. मी काय पोलीस न्हाय. ह्या गादीवर एकच मानूस झोपतंय. दुसरं कवाच उठून गेलंय. सरकारनं न्हेला का त्याला? तसंच जाळला का? आमच्यापासनं लपवू नगंस, हितं माजी बायको बसती शिवायला."

उत्कर्षाचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला. मला वाटलं आता ही गादीवरून उडी मारून त्यांच्या थोबाडीत देते.

"जिवंत आहेत ते!" ती ओरडली. "काल रात्री माझ्या हातचं जेवले! तोंडाला येईल ते बोलता?" आणि मग तिच्याच्याने आवरेना. रडत रडत तिने सांगितलं ते असं. दोन्ही लाटांत आदिनाथने माणसं नेली. काही जिवंत पोचली, काही वाटेतच गेली. तेव्हापासून तो घरात झोपत नाही. आंघोळ करतो, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पथारी टाकतो. तिने लस दाखवली, डॉक्टरांचं सांगणं दाखवलं. तो म्हणतो, माझ्या अंगावर काय काय बसलंय ते तुला ठाऊक नाही. आता सगळं उघडलं, कोरोनाच्या गाड्या थांबल्या, तरी तेच. शेवटी परवा म्हणाला, मोठी गादी कापून दोन कर, एक मला शेडमध्ये दे, म्हणजे तुलाही अडचण नको.

"म्हणून आणली," ती नाक पुसत म्हणाली. "मधोमध कापा आणि दोन करून द्या. मला पण आता वाट बघायचा कंटाळा आलाय."

हुसेनसाबांनी कात्री उचलली नाही, पण ती होती तिकडे बघितलं. धंदेवाईक माणूस, हातून सवयीने होतं. तेवढ्यात दारातनं बिस्मिल्ला उठली. हातात दाभण तसंच. इतके महिने तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, ती सरळ आत आली आणि गादीच्या त्या फुगलेल्या बाजूवर जाऊन उभी राहिली.

"कापायचं न्हाय," ती म्हणाली.

"तू भाईर हो," हुसेनसाब म्हणाले. "गादी अजून उन्हात टाकली न्हाय."

"ऱ्हाऊ द्या ऊन." ती उत्कर्षाशी बोलत होती, पण बघत होती नवऱ्याकडे. "पोरी, माज्या घरात बी आशीच गादी हाय. एका अंगानं दबल्याली, एका अंगानं फुगल्याली. उद्या मी ती घिऊन ह्यांच्यासारख्या दुसऱ्या गादीवाल्याकडं गेले, तर त्यो हात फिरवून म्हनंल, बाई, तुमचा नवरा मेला. आन मी काय सांगू त्याला? मेला न्हाय, दोन गल्ल्या पलीकडं वायरी राखतोय?"

हुसेनसाबांचं तोंड मी इतकी वर्षं बघते आहे, रागाचं, कावेबाज, हिशेबी. पण असं उघडं पडलेलं कधी बघितलं नव्हतं. ते खाली बसले. गादीवरून हात फिरवला, दबलेल्या बाजूवरून, मग दुसऱ्या. मग म्हणाले, "उत्कर्षा, आख्खीच भरून देतो. आदिनाथला सांग, चाचा कापायला तयार न्हाय. भांडायचं आसंल तर हितं यिऊन भांड म्हनावं."

संध्याकाळी मी गिरणी बंद करून मुद्दाम रेंगाळले. खरं सांगते, माझा विश्वास नव्हता. एवढं बोलणं ऐकूनही हा माणूस शेवटी वायरीच राखणार, अशीच माझी खात्री होती. हुसेनसाबांनी दिवा घालवला, बाहेर आले आणि शटर बाहेरून खाली ओढलं. माझ्याकडे न बघता घराच्या दिशेने गेले. चार पावलं गेल्यावर परत आले, कुलूप ओढून बघितलं, परत गेले. बिस्मिल्ला पुढे चालत होती. दोघांत अंतर होतं, पण एकाच वाटेने चालले होते.

सकाळी ते दुकान उघडायला आले तेव्हा डोळे तारवटलेले. मी म्हटलं, झोप नाही झाली वाटतं.

"कशी व्हनार?" ते वैतागून म्हणाले. "रातभर खोकत हुती. मी कान लावून पडलेला. आन खोकला थांबला की लईच भ्या वाटायचं, अक्का. मग तिला हलवून उठवायचो. दोन-तीनदा उठवलं."

"मग?"

"मग काय, शिव्या घातल्या तिनं," हुसेनसाब म्हणाले, आणि हसू मला दिसू नये म्हणून मशीनकडे तोंड करून उभे राहिले.