फुटाण्याच्या पुडीतली कादंबरी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, चुकलं तर माफ करा.

नव्या राजवटीनं पुस्तकं जप्त केली, तेव्हा कनेरगाव नाक्यावर एक म्हातारा फुटाणेवाला होता. बंदी घातलेल्या एका कादंबरीची पानं त्यानं सुटी केली होती. वरून साधा कागद लावून तो त्यांची पुडी वळायचा आणि मला रोज पुढचं पान द्यायचा. "आजचं पान कडू हाये, म्हणून चार फुटाणे जास्ती टाकले," म्हणायचा.

"काका, भेव न्हाई वाटत?"

"वाटतंय ना! म्हणून तर सांगून राहिलो, वाचलं की चुलीत टाक. जमवू नको, लेकरा."

मी जमवली. जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून वापरायची सवय होती, तशीच ही पानंही शिवली. नाक्यावरच्या तपासणीत ती माझ्या पिशवीत सापडली. शिपायानं पानांचा वास घेतला आणि सरळ म्हाताऱ्याच्या गाडीकडे गेला. त्याला नेलं, मला संध्याकाळी सोडलं. कॉलेजचा म्हणून सोडलं असावं, असं मला वाटत राहिलं.

परवा त्याच्यासोबत कोठडीत असलेला एक जण सुटून आला. म्हातारा आतच वारला, म्हणाला. पानं आपणच शिवली आणि पोराच्या नकळत त्याच्या पिशवीत टाकली, असं म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं.