जिल्ह्याचा कचरा आणि आमचे मुकादम

आमच्या लांडक्राइसनं, म्हणजे इकडे जर्मनीतल्या आमच्या जिल्ह्यानं, एके दिवशी ठरवलं की आपला कचरा आपणच उचलायचा. तोवर एक खासगी ठेकेदार उचलत होता आणि त्याचा करार संपत आला होता. जिल्ह्याचा स्वतःचा कचरा विभाग काढायचा ठराव झाला, पाच जणांची टीम नेमली गेली, आणि गाड्यांचे मार्ग कॉम्प्युटरवर आखायला त्या पाचांत माझी वर्णी लागली.

मला वाटलं, आता गाड्या घेतील, डबे घेतील, माणसं भरतील. छे! इथे कचरा उचलायच्या आधी कचऱ्याची नियमावली लागते. पहिले दोन महिने आम्ही एकही डबा डोळ्यांनी पाहिला नाही. 'डबा' म्हणजे काय याची व्याख्या केली, मग 'झाकण' म्हणजे काय याची. ओल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण तपकिरी असावं की हिरवं, यावर तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत आमचे वकील म्हणाले, "हिरव्या रंगानं लोकांच्या अपेक्षा वाढतात," आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मीही घेतलं. त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही.

पुण्याला घरी मी सांगितलं होतं, "गव्हर्नमेंटमध्ये लागलेय. डेटाचं काम आहे." कशाचा डेटा ते कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायची आमच्या घरात पद्धत नाही.

पद्धत जुनी आहे. माझे वडील महापालिकेत बिगारी म्हणून लागले, अकरा वर्षं रस्ते झाडले, मग मुकादम झाले आणि मुकादम म्हणूनच निवृत्त झाले. मुकादम म्हणजे पहाटे आरोग्य कोठीवर झाडणाऱ्या माणसांची हजेरी घेणारा, कुणी कुठला रस्ता झाडायचा ते सांगणारा आणि मग तो झाडला की नाही हे बघत सायकलवर हिंडणारा. मी मात्र कॉलेजात "बाबा कॉर्पोरेशनमध्ये आहेत" एवढ्यावर भागवायचे. लग्नाच्या बायोडेटात 'आरोग्य विभाग' असं लिहिलं. खोटं एक अक्षर नव्हतं. सासूबाई पुढची दोन वर्षं त्यांना डॉक्टरांच्या जवळपासचं काहीतरी समजत होत्या. एकदा त्या म्हणाल्या, "अहो व्याही, गुडघा फार दुखतो हो." बाबांना कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी ओव्याचं तेल चोळायला सांगितलं. नेमका गुण आला, आणि गैरसमज कायमचा पक्का झाला.

असे हे बाबा, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे त्सुफेनहाउझेनला आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला बघते तर अंथरूण रिकामं. खिडकीतून खाली पाहिलं. आमच्या इमारतीच्या चारही कचराडब्यांची झाकणं उघडी, समोर मफलर गुंडाळलेले बाबा, हात पाठीमागे बांधलेले, आणि शेजारी आमचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस. या माणसाला आम्ही सगळे भाडेकरू टरकून असतो. मी तशीच चपला घालून धावले. पण भांडण नव्हतंच. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी ओल्या कचऱ्यात प्लास्टिकची पिशवी टाकली होती आणि दोघं मिळून त्याचा उद्धार करत होते, बाबा मराठीत आणि तो इथल्या गावठी श्वाबिशमध्ये. एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण एकमत पूर्ण होतं.

"झाकणं झकास आहेत तुमच्याकडे," जिना चढताना बाबा म्हणाले. "माणसं मात्र आपल्याकडचीच आहेत."

त्या सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "तू डेटा करतेस म्हणतेस, तो कशाचा गं?"

विचारलंच म्हटल्यावर सांगणं भाग होतं. "कचऱ्याचा," मी म्हणाले.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "एवढी शिकलीस, विमानात बसलीस, आणि फिरून कोठीवरच आलीस होय!"

मला राग आला. कोठी काय कोठी! मी लॅपटॉप उघडून माझे मार्ग दाखवले. रंगीत रेघांनी अख्खा जिल्हा विणून काढला होता मी. बाबांनी चष्मा पुसला आणि डोंगरावरच्या एका गावातल्या एका रेघेवर बोट ठेवलं. "ही गल्ली पुढे बंद आहे. गाडी वळते कुठे?"

"वळत नाही. आणि इथे गाडी उलटी न्यायला मनाई आहे. म्हणून गल्लीतल्या लोकांनी डबे खाली कोपऱ्यावर आणून ठेवायचे."

"चढाची गल्ली दिसते. राहतं कोण तिथं?"

"बाबा, ते डेटात नसतं."

ते नुसतं "हं" म्हणाले. हाताखालच्या माणसानं दांडी मारल्यावर ते असंच "हं" म्हणत असणार.

पुढे पेटली ती नेमकी तीच गल्ली. तिथल्या लोकांनी पत्रं लिहिली, मग गावानं लिहिली, मग इतर गावांना वाटलं आपणही लिहावं. कचरा सगळ्यांचा, पण डबा ओढायला कुणीच तयार नाही! विभाग सुरू व्हायच्या आधीच बंद पडतो की काय अशी वेळ आली. आमच्या बॉसबाईंनी त्या गावात सभा बोलावली. त्या आठवड्यात ऑफिसात माझ्याकडे कुणी नीट बघत नव्हतं, कारण रेघ माझी होती. आणि अशा पडत्या काळात, कॅन्टीनमध्ये बॉसबाईंसमोर, माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे वडीलही याच क्षेत्रात होते. पुण्यात."

"खरंच? कुठल्या पदावर?"

"लायटुंग," मी म्हणाले. म्हणजे संचालन, नेतृत्व वगैरे. तीस माणसं होती त्यांच्या हाताखाली. खोटं कुठे होतं?

बाईंच्या डोळ्यांसमोर लाखोंचं शहर उभं राहिलं आणि त्याच्या शेंड्यावर माझे बाबा. संध्याकाळपर्यंत सभेच्या निमंत्रणात ओळ छापूनही आली: 'भारतीय महानगराच्या स्वच्छता विभागाचे माजी संचालक मार्गदर्शन करतील.' ज्या ऑफिसात झाकणाचीसुद्धा व्याख्या करतात, तिथे हे उघडकीला आलं तर मी संपले. आणि माझं एक वेळ जाऊ दे, पण भरल्या सभेत बाबांना कुणी चार प्रश्न विचारले तर? त्यांचं हसं झालं असतं, आणि तेही माझ्यामुळे. हे बाबांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

"दोन शब्द बोला फक्त," मी त्यांना म्हटलं. "मी भाषांतर करीन."

"गल्ली बघितल्याशिवाय बोलायचं नसतं," बाबा म्हणाले.

मग शनिवारी गल्ली बघायला गेलो. सोबत आमच्या टीममधला म्हातारा ड्रायव्हर होता, ज्याचा जन्म कचऱ्याच्या गाडीवर गेला होता आणि ज्याला बैठकांमध्ये कुणी काही विचारत नसे. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे आणि मधून घसरगुंडीसारखी ती गल्ली. बाबांनी सर्वांत वरच्या घरासमोरचा चाकांचा भरलेला डबा मागून घेतला आणि उतारावर निघाले. म्हणजे निघाला डबा. बाबा नवे बूट रोवत मागून फरपटत होते. ड्रायव्हर धावला, त्यानं पुढून धरला, आणि ती दोन म्हातारी माणसं डब्याला मिठी मारून कशीबशी कोपऱ्यावर पोहोचली. मी वर उभी राहून माझी रेघ बघत होते.

नंतर बाबा दारोदार गेले. हातवाऱ्यांवर सगळ्यांशी बोलले, दोन घरांत केक खाल्ला आणि खिशातल्या डायरीत नोंदी केल्या. मी वाचल्या. 'पहिलं घर, आजी, वॉकर. दुसरं, बाळंतीण. तिसरं, काठी. चौथं, धडधाकट पण आळशी.'

सभेला गावचा हॉल भरला होता. दाराशी मोठ्या टोपल्यात ब्रेत्सेल, म्हणजे इथले खारे, वेटोळे पाव, ठेवले होते, लोक ते मोडत होते आणि आमच्यावर चिडत होते. बॉसबाईंनी बाबांची ओळख करून दिली. 'डिरेक्टोर' हा शब्द ऐकून बाबांनी मागे वळून पाहिलं, कोण डायरेक्टर आलाय म्हणून. मागे भिंत होती.

"बाबा, तुम्हीच," मी कुजबुजले.

"मी? कधीपासून?"

"नंतर सांगते."

ते उभे राहिले. डायरी उघडून एकेक घर सांगितलं, मी भाषांतर केलं, आणि हॉल हळूहळू गप्प झाला, कारण आपल्या गल्लीत वॉकर किती आणि काठ्या किती हे आजवर तिथे कुणी मोजून सांगितलं नव्हतं. चौथ्या घराशी आल्यावर मी 'आळशी' गाळलं. मग बाबा म्हणाले, "आमच्याकडे जिथं घंटागाडी शिरत नाही तिथं ढकलगाडी घेऊन माणूस जातो. मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः अकरा वर्षं खराटा मारलाय."

मी म्हणाले, "माझ्या वडिलांना प्रत्यक्ष कामाचा अकरा वर्षांचा अनुभव आहे."

लोकांनी माना डोलावल्या. बाबा माझ्याकडे बघत राहिले. "खराटा सांगितलास?"

"सांगितलं बाबा."

"इतक्यात? काय म्हणतात त्याला जर्मनमध्ये?"

बाबांनी क्षणभर वाट पाहिली. मग व्यासपीठावरून उतरले, हॉलच्या कोपऱ्यात उभा असलेला लांब दांड्याचा झाडू घेतला आणि झाडायला लागले. पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. बायकांनी पाय वर उचलले. ब्रेत्सेलचा सगळा चुरा, मीठ, कागदी रुमाल, अशा सफाईनं पुढे येत गेलं की मीसुद्धा बघत राहिले. तीन रांगा झाडून त्यांनी ढीग केला, झाडू उभा धरला, छातीवर हात ठेवला आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "Director, no. Eleven years, this. After, mukadam."

मला बॉसबाईंकडे बघायची छाती नव्हती. तेवढ्यात मागून आमचा म्हातारा ड्रायव्हर उठला. "या, गेनाऊ!" तो ओरडला, म्हणजे हो, अगदी बरोबर. "आणि मी गाडीच्या मागे लटकून डबे ओढलेत, वीस वर्षं. मला विचारा ना कधीतरी! डेपोत लहान गाडी पडून आहे, ती या गल्लीत वळते. दोन माणसं द्या. ज्यांना जमत नाही त्यांचे डबे ती माणसं आणतील."

हे त्यानं आधी का सांगितलं नाही, असं बॉसबाईंनी विचारलं. तो म्हणाला, "बैठकीत झाकणाचं चाललं होतं."

मग हास्याचा जो फवारा उडाला त्यात निम्मा राग वाहून गेला. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "आणि आमच्यासारख्या धडधाकट माणसांचं काय?" मी बाबांना सांगितलं. बाबांनी त्यांना ओळखलं, ते चौथ्या घराचे मालक होते. "त्यांना म्हणावं, आपला डबा आणा, आणि येताना शेजारच्या काठीवाल्यांचा पण आणा." या वेळी मी एक अक्षर गाळलं नाही. टाळ्या पडल्या. चौथ्या घराची बायको सगळ्यांत जोरात वाजवत होती.

बाहेर पार्किंगमध्ये बॉसबाईंनी बाबांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. मला फक्त एवढंच म्हणाल्या, "तर मग, प्रोटोकॉल दुरुस्त करावा लागेल." इतिवृत्तातला 'संचालक' खोडायला मी हो म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडीत मीच तोंड उघडलं. "बाबा, चुकलं माझं. मला लाज वाटली."

"माझी?"

"हो."

बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "तुझ्या शाळेसमोरचा रस्ता तीन वर्षं माझ्याकडे होता," ते म्हणाले. "पोरं यायच्या आत उरकायचो. पळत झाडायचो पळत. म्हटलं, तू बघशील, तुझ्या मैत्रिणी बघतील. लाज मलाही होतीच की. माझ्याकडूनच आली असेल तुझ्याकडे."

मी गाडी कडेला घेतली. "बाबा, मी बघितलं होतं. दुसरीत असताना. म्हणून मी मुद्दाम घरातून उशिरा निघायचे. तुम्ही नक्की गेलेले असाल अशी वेळ धरून."

"रोज उशिरा जायचीस, ती त्यासाठी?"

"हो."

"आणि बाई वर्गाबाहेर उभं करायच्या, चिठ्ठ्या पाठवायच्या..."

"हो."

"अगं, आणि मी समजायचो पोरगी आळशी निघाली!" बाबा हसायला गेले, पण त्यांना ते जमलं नाही. "दोनदा मारलं मी तुला त्यावरून."

"तीनदा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मागून एका गाडीनं हॉर्न दिला, तेव्हा निघालो.