अंतोनभाऊंचं गप्प बसणं

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मराठी मिस्सेला, म्हणजे उपासनेला, उशिरा गेलं तर उभं राहावं लागतं, पण आठवड्यातल्या इतर दुपारी तिथं चिटपाखरूही नसतं. अंतोन दुशिंग नेमके त्या वेळी यायचे. चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत ते हॅमरवर होते. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस आम्हाला चिंचवडला सोडायची. बाकीचे आपापल्या घराकडं वळायचे आणि अंतोनभाऊ काळेवाडीला घरी जाण्याआधी चर्चमध्ये शिरून शेवटच्या बाकावर बसायचे. हातात जपमाळ नाही, पुस्तक नाही. वेदीमागं पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेल्या भाकरीची, पेटी आहे, तिच्याशेजारी लाल दिवा असतो, तिकडं तोंड करून नुसते बसायचे.

मी त्याच कंपनीत स्टोअरला आहे. एकदा बसमध्ये मी त्यांना विचारलं, की तुम्ही तिथं मागता तरी काय.   ते म्हणाले, "मागत काय न्हाई. दिवसभर हॅमर बोलतो. तिथं गेलं की कोणच बोलत न्हाई. देव पण न्हाई. लई बरं वाटतं."

हॅमर म्हणजे काय हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. लालभडक लोखंड साच्यावर ठेवायचं आणि वरून टनावारी वजन खाली येणार. कॅन्टीन लांब होतं, तरी तिथल्या कपातला चहा थरथरायचा. हॅमरवरची माणसं हातवाऱ्यांनी बोलायची. कानात घालायचे बोळे कंपनी देत असे, पण घामानं ते निसटायचे, आणि बोळे घातले की मशीनचा आवाज बदललेला कळत नाही म्हणून जुने कामगार ते खिशातच ठेवायचे. अंतोनभाऊही त्यातलेच. तरुणपणी नगर जिल्ह्यातल्या गावाहून आले ते थेट हॅमरवर उभे राहिले, आणि तिथंच केस पांढरे झाले.

त्यांची बायको शालनबाई. चर्चच्या गायनात पहिल्या ओळीत उभी राहणारी, कुणाच्या घरी बाळ झालं की सगळ्यांआधी पोचणारी, बोलायला कधी न थकणारी बाई. पॅरिशमधले, म्हणजे आमच्या चर्चचे, लोक अंतोनभाऊंना कौतुकानं साधू म्हणायचे. फादर शेखर प्रवचनात मौनाबद्दल बोलले की सगळ्यांच्या माना शेवटच्या बाकाकडं वळायच्या. शालनबाई मात्र कधी वळून बघायची नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

एका दुपारी अंतोनभाऊ चर्चमध्ये बसले असताना त्यांना बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू यायला लागला. ट्यूबलाइटचा चोक खराब झाला असेल म्हणून त्यांनी चर्च झाडणाऱ्या चतुराबाईला सांगितलं. तिनं दिवे बंद केले. आवाज होताच. तिनं पंखेही बंद केले आणि म्हणाली, मला तर काहीच ऐकू येत नाही. मग अंतोनभाऊ बाहेर आवारात आले. आवाज त्यांच्याबरोबर बाहेर आला.

डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं की कानाची नस आवाजानं खराब झाली आहे. ऐकू येणं हळूहळू कमी होत जाईल, आणि ही शिट्टी कायमची राहील. औषध नाही. भोवती शांतता असली की ती जास्त जाणवेल, तेव्हा घरात पंखा, रेडिओ काहीतरी चालू ठेवत जा.

हे त्यांनी तेव्हा कोणालाही सांगितलं नाही. सवयच नव्हती. कंपनीनं त्यांना हॅमरवरून काढून गेटजवळच्या हलक्या कामावर बसवलं, आणि पुढं त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. सगळ्यांना वाटलं, आता हे दिवसभर चर्चमध्येच दिसतील. झालं उलटंच. त्यांनी चर्चमध्ये जाणं सोडलं. रविवारी गाण्याबजावण्यात निभावून जायचं, म्हणून तेवढी मिस्सा करायचे. एरवी घरी टीव्ही लावून बसायचे. जाहिराती, बातम्या, मालिका, काहीही. नंतर मला सांगताना म्हणाले की, रिकाम्या चर्चमध्ये पाऊल टाकलं की ती शिट्टी अशी वाढायची, की डोकं भिंतीवर आपटावं वाटायचं. जिथं सगळं आयुष्य विसावा मिळाला तीच जागा आता सहन होईना. देवानं तेवढं एकच दिलं होतं आणि तेही काढून घेतलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. एकदा पापनिवेदनाला गेले तेव्हा त्यांनी फादर शेखरना हे सांगायचा प्रयत्न केला. फादर काय म्हणाले ते त्यांना नीट ऐकूच आलं नाही, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली.

शालनबाईला वाटलं, नवरा निवृत्त झाला आणि आळसावला. टीव्हीवरून कुरबुरी व्हायच्या. ती बोलायची, ते आवाज वाढवायचे.

मग गुड फ्रायडे आला. दुशिंगांच्या घरात बापजाद्यांपासूनची रीत होती, की त्या दिवशी दुपारी बारापासून चर्चला निघेपर्यंत कोणी बोलायचं नाही. चूल पेटवायची नाही, भांडं वाजवायचं नाही. एरवी क्षणभर गप्प न राहणारी शालनबाई ही रीत काटेकोर पाळायची. तिनं टीव्हीचं बटण बंद केलं, क्रुसापुढं मेणबत्ती लावली आणि चटईवर बसली. बाहेर रस्ताही त्या उन्हात सुना झाला होता. अंतोनभाऊ थोडा वेळ बसले, मग उठून आत गेले, परत आले. शेवटी त्यांनी टीव्ही लावला. कसल्याशा साबणाची जाहिरात मोठ्यानं सुरू झाली.

 शालनबाई अगदी हळू म्हणाली, "अहो, आज तरी."

ते त्यांना ऐकू आलं नाही, पण तिचं तोंड त्यांनी बघितलं आणि त्यांचा धीर सुटला. टीव्ही बंद करून ते तिच्यासमोर खाली बसले.

"शालन, माझ्या कानात कंपनी चालू हाय. मी सुटलो, ती सुटत न्हाई. गप्प बसलं की वाढतीया. मला आता गप्प बसता येत न्हाई."

त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर, चर्च, शिट्टी, फादरचे न ऐकलेले शब्द. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका बैठकीत ते एवढं कधी बोलले नव्हते. शालनबाईनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.  मग तिनं त्यांच्या उजव्या कानाजवळ तोंड नेलं, कारण तो कान जरा बरा होता, आणि जे बोलली ते अंतोनभाऊंनी मला शब्दाला शब्द सांगितलं आहे.

"आपला पहिला पोरगा गेला तेव्हा तुम्ही तिकडं देवापुढं जाऊन बसलात. घरी आलात तेव्हाही गप्पच. मी कुठं बसायचं होतं?"

तो मुलगा जन्मतःच गेला होता. अंतोनभाऊंनी त्याला गावच्या स्मशानात पुरलं, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हॅमरवर उभे राहिले, आणि शिफ्ट सुटल्यावर चर्चमध्ये बसायची सवय त्यांना तेव्हाच लागली. मुलाचा विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही. पुढं मिनल झाली, वाढली, शिकली, तिलाही हा भाऊ कधी कळला नाही. अंतोनभाऊंना वाटत होतं, आपण देवाजवळ दुःख ठेवून येतो, घरावर त्याचा भार टाकत नाही. बायको इतकी बोलते ती कशामुळं, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. घरातली ती गप्प जागा तिनं एकटीनं बोलून बोलून भरली होती.

त्या दिवशी ती दोघं चर्चला निघाली तेव्हा उन्हानं रस्ता तापला होता. चर्चच्या आवारातल्या मांडवात माणसं मावत नव्हती. येशूच्या दुःखसहनाचं वाचन चाललं होतं. त्यात जमावाचे शब्द लोकांनी मिळून म्हणायचे असतात, आणि त्या दिवशी सगळा मांडव ओरडला, "त्याला क्रुसावर खिळा." अंतोनभाऊंना बाकीचं वाचन धड ऐकू येत नव्हतं, पण तो गलका पोचला. रोमन सुभेदार पिलात विचारतोय, लोक ओरडतायत, आणि शेवटी येशू उत्तरच देत नाही. हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. पण येशू गप्प उभा राहिला तो अशा कल्लोळात, हे आपल्याला आजवर दिसलंच नाही, असं ते म्हणाले. त्याला कुठं रिकामं चर्च मिळालं होतं?

याच्यानं शिट्टी थांबली असं काही झालं नाही. ती अजून आहे. पण त्यानंतर टीव्ही कमी झाला. दुपारी दोघं समोरासमोर बसायची, शालनबाई उजव्या कानाशी बोलायची आणि ते ऐकायचे. कळलं नाही तर पुन्हा विचारायचे. तिनं त्या मुलाबद्दल सांगितलं. त्याचे केस किती दाट होते, नर्सनं त्याला कसल्या कापडात गुंडाळलं होतं, तिनं त्याचं नाव मनात काय ठेवलं होतं. पुरताना यातलं काहीच अंतोनभाऊंनी नीट बघितलं नव्हतं, नंतर विचारलं नव्हतं. बोलून झालं की दोघं गप्प बसायची. ते गप्प बसणं वेगळं होतं, एवढंच ते सांगायचे. कसं वेगळं, ते त्यांना सांगता यायचं नाही.

हे दिवस फार मिळाले नाहीत. शालनबाईला साखरेचा त्रास जुना होता, त्यात किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा पिंपरीतल्या एका दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. अंतोनभाऊ बरोबर जायचे. मशीन टीटी करायचं, शेजारच्या पेशंटचे नातेवाईक मोबाइलवर बोलायचे, आणि ते खुर्चीवर तिचा हात धरून बसायचे. मिनल पिंपळे सौदागरला राहते आणि हिंजवडीत नोकरी करते. ती ट्रॅफिकमधून येईपर्यंत निम्मा वेळ संपलेला असायचा. हळूहळू शालनबाईचा आवाज बसत गेला. तिला जोर लावून बोलवेना आणि यांना हळू बोललेलं ऐकू येईना. गाणारी बाई ओठ हलवायची आणि अंतोनभाऊ तिच्या ओठांकडं टक लावून बसायचे. श्रवणयंत्र आणलं होतं, पण त्यात दवाखान्याचाच गोंधळ जास्त यायचा.

शेवटच्या आठवड्यात फादर शेखर दवाखान्यात येऊन तिला आजाऱ्यांचं पवित्र तेल लावून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिनल खाली औषधं आणायला गेली होती. शालनबाईनं डोळे उघडले आणि अंतोनभाऊंना बोटानं जवळ बोलावलं. त्यांनी उजवा कान तिच्या तोंडाशी नेला. ती काहीतरी बोलली. एकदोन शब्द नव्हते, चांगली मोठी गोष्ट होती. तिचा श्वास त्यांना कानावर लागत होता. शब्द एकही लागला नाही. त्यांनी मान हलवून पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. तरी नाही. तिसऱ्यांदा विचारायला त्यांनी तोंड उघडलं तेव्हा तिनं त्यांच्या गालावर हात ठेवला, असू द्या म्हटल्यासारखा, आणि डोळे मिटले. दुपारी ती गेली.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ती काय म्हणाली ते आता कोणालाच माहीत नाही.

मातीच्या दिवशी पॅरिशमधल्या बायकांनी शालनबाईची आवडती गीतं म्हटली. अंतोनभाऊ कबरीपाशी उभे होते. लोक जवळ येऊन सांत्वनाचं बोलत होते आणि ते सगळ्यांना मान हलवत होते. मला माहीत होतं, त्यांना काही ऐकू येत नाही.

मिनलनं काळेवाडीची खोली बंद करून त्यांना आपल्याकडं नेलं. सोसायटी मोठी आहे, लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. जावई चांगला आहे, पण तो घरी येतो तेव्हा थकलेला असतो. मिनल वडिलांसाठी वहीवर प्रश्न लिहिते, जेवलात का, गोळी घेतली का, आणि ते मान हलवतात. एक दिवस तिला त्यांनी तिच्या गेलेल्या भावाबद्दल सांगितलं. ती रडली, मग चिडली, मला कधीच का सांगितलं नाहीत म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे तिच्याकडं बघत राहिले, आणि म्हणाले, चुकलंच.

काही महिन्यांनी ते पुन्हा दुपारी चर्चमध्ये दिसायला लागले. पिंपळे सौदागरहून बस बदलत येतात. एकदा मी शेजारी जाऊन बसलो. शिट्टीचं विचारलं, लिहून. ते म्हणाले, चालूच हाय, आज तर जास्तच हाय. मग इथं कशाला त्रास करून घेता, असं मी लिहिलं. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दिव्याकडं बोट केलं.

"ती काय बोलली ते मला ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज जरा मोठा होता, आणि त्या रिकाम्या जागेत तो फार मोठा वाटला. "पण त्याला ऐकू आलं आसंल. मी त्याला विचारत न्हाई. त्यानं सांगावं असंबी न्हाई. ज्याला माहिती हाय त्याच्यापाशी बसतो, झालं."

 चतुराबाई झाडू घेऊन आमच्या बाकाखालून केर काढायला आली, तेव्हा आम्ही दोघांनी पाय वर घेतले. तिचं झाडून झालं, तरी ते उठले नाहीत. मला दुसऱ्या शिफ्टला जायचं होतं, म्हणून मी निघालो.