झाकणात धरलेला पदर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं, ते म्हणजे बर्फाची पेटी घेतली. रानात मुक्कामाला नेतात ती, प्लॅस्टिकची, जाड भिंतीची. देवदर्शन नाही, दवाखाना नाही, पेटी. हे सांगितलं की लोक तोंड बारीक करतात आणि म्हणतात, "अरेरे, नेमकं तेव्हाच?" नेमकं तेव्हाच म्हणजे काय? मरण काय मुहूर्त विचारून येतं?

पेटी कशाला घेतली ते आधी सांगतो. नाहीतर माझी बहीण सांगत फिरते तसं तुम्हीही समजाल, की म्हाताऱ्याला नको त्या वयात शौक सुचला आणि त्यानं बायकोला उन्हात फिरवून मारलं.

मी चौथी शिकलेला जीपचा मिस्त्री. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, पण बड्या लोकांच्या बंदुका काही गेल्या नाहीत. मी कामाला लागलो तेव्हाही ते कन्नडच्या घाटात शिकारीला जायचे. चढावर जीप खोकायला लागायची, म्हणून मला संगं न्यायचे. त्यांची पेटी मीच केली होती. लाकडाची, आतून पत्रा, मधे भुसा ठासलेला. जाताना बर्फात बाटल्या, येताना हरणाचं मटण. परत आले की पेटी माझ्या दारात टाकायचे. "मिस्त्री, धुऊन ठेव रे." मी दोन रात्रीचा जागा, पडल्या पडल्या घोरायला लागायचो. पेटी ही धुवायची. पत्र्याच्या सांध्यात रक्त बसलेलं असायचं, ते चिंच आणि राख लावून काढायची. शिकार त्यांची, फोटो त्यांचे, धुणं हिचं. त्यातल्या एकाही साहेबानं कधी विचारलं नाही की पेटी कोण धुतं.

पुढं कायदा आला, शिकार बंद झाली. बरं झालं. मग आम्ही चार-पाच दोस्तच जायला लागलो. कधी घाटाच्या पायथ्याला, कधी धरणावर, नाथसागराच्या काठाला. गळ टाकायचा, ताडपत्री बांधायची, दोन रात्री राहायचं. जीप माझ्या सिल्लोडच्या दोस्ताची, कापसाचा व्यापारी गडी. चाळीस वर्षं आम्ही असं केलं. भाकरी बांधून द्यायची ही, आणि परत आल्यावर पेटी धुवायची पण हीच. फक्त रक्ताच्या जागी माशाचा वास आला, एवढाच फरक.

गेल्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "रान बघायला तुम्ही आन् पेटी धुवायला मी. यंदा मी येणार."

मी दोस्ताला फोन लावला. तो म्हणाला, "भाभी को लाओ उस्ताद, कम से कम खाना तो ढंग का मिलेगा."

हिनं शेजारून ऐकलं. "त्याला म्हणावं, मी खायला येतेय, करायला नाय."

तो फोनवर एवढा हसला की मी फोन कानापासून लांब धरला. दोस्ताची अडचण नव्हतीच. अडचण वर राहत होती. पुंडलिकनगरला आमचं घर आहे, खाली आम्ही, वर मुलगा आणि सून. मुलगा शिकलेला. शिकलेल्या माणसाला एक सवय असते, तो नाही म्हणत नाही, कारण सांगतो. हिला साखर होती. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, आणि ते गारच ठेवावं लागतं.

"आई, दोन दिवस रानात. इंजेक्शन खराब झालं तर जबाबदार कोण?"

"पेटी नेऊ की बर्फाची."

"त्या पेट्या दिखाव्याच्या असतात. या उन्हाळ्यात बर्फ रात्रभर टिकत नाही."

"आन् टिकला तर?"

तो जिन्यात थांबला. त्याला वाटलं म्हातारी खेळायला लागलीय. "टिकला तर जा," म्हणाला, आणि वर गेला.

स्वतःच्या आईला. टिकला तर जा. मी तेव्हाच त्याला खाली ओढणार होतो. हिनं माझ्या मनगटाला धरलं. "राहू द्या. त्याच्या तोंडून निघालंय, आता तो फिरत नाय. पेटी चांगली बघून घेऊ."

त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आम्ही रिक्षानं गुलमंडीकडं गेलो. उतरल्यावर म्हणतोय मी. बहिणीनं हे वाचावं.

दुकानदार पोरगेलासा होता. त्यानं आधी मोठी निळी पेटी पुढं ओढली. खाली चाकं, ओढायला दांडी, झाकणावर ग्लास ठेवायला चार खळगे. "अंकल, ये देखो. कॅम्पिंगला सगळे हीच नेतात."

ही म्हणाली, "एवढ्या पेटीत माझं इंजेक्शन हरवून जाईल."

"आंटी, चाकं बघा ना. उचलायची गरजच नाय."

"धरणाच्या काठाला चिखल असतो बाबा. चाकं रुतली की तू येशील का ढकलायला?"

मीही माझं म्हणणं घातलं. मोठी पेटी अर्धी रिकामी राहिली की बर्फ लवकर जातो, हे मला लाकडी पेटीपासून माहीत. आणि गडद रंग उन्हात तापतो. पांढऱ्या दाखव म्हणालो. त्यानं तीन पांढऱ्या काढल्या, एकसारख्याच दिसणाऱ्या.

मग हिनं जे केलं ते मी तोवर कुठल्या दुकानात बघितलं नव्हतं. पदराचं टोक पेटीच्या आत सोडलं, वरून झाकण लावलं, कडी बसवली आणि पदर ओढला. सुळकन बाहेर आला.

"ही नाय. जिथनं पदर येतो तिथनं वारा जातो."

दुसऱ्या पेटीनं तीन बाजूंनी धरला, चौथ्या कोपऱ्याला सोडला. तिसरीनं मात्र धरला तो धरलाच. ही ओढतेय, पेटी फरशीवर सरकतेय, पण पदर काही सुटत नाही.

"आंटी, साडी फाटेल!"

"फाटू दे. घरी लई साड्या आहेत. पेटी एकच न्यायचीय."

मग ती त्या पेटीवर बसली. दुकानाच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकासमोर, मांडीवर हात ठेवून. "बसायला पण झाली," म्हणाली. एका बाजूची मूठ मी धरली, एक तिनं, आणि आम्ही ती दुकानाच्या दारापर्यंत नेऊन परत आणली.

"बर्फ भरल्यावर जड होईल," मी म्हणलं.

"मग सावकाश चालू. तिथं कुणाला हापिसाला जायचंय?"

निघताना तिनं दुकानदाराला विचारलं, बर्फ किती टिकतो. तो म्हणाला, "दोन दिवस आराम से, आंटी."

"मला एक रात्र पुरे," ती म्हणाली.

येताना कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फाच्या लादीचा मोठा तुकडा घेतला. तिनं तो पेटीत बसवला, वर एका स्टीलच्या डबीत एक इंजेक्शन ठेवलं, आणि पेटी मला पोर्चमधे ठेवायला लावली. मी म्हणलं, घरात ठेवू, पंखा आहे. तर म्हणाली, "नाय. जीपमधे कुठं पंखा असतो? नंतर पोरगं म्हणायला नको, आईनं लबाडी केली."

मुलगा कामावरून आला, स्कूटर लावताना त्यानं पेटी बघितली आणि हसला. "आई, सकाळी नुसतं पाणी मिळेल तुला."

"मिळू दे. त्याच पाण्याचा तुला चहा करीन." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सकाळी मी उघडणार. मी उघडल्याबिगर कुणी झाकणाला हात लावायचा नाय."

जेवलो. तिनं इंजेक्शन घेतलं. झोपलो.

पहाटे मी उठलो. रोज ती माझ्या आधी उठायची. त्या दिवशी नाही उठली. हाक मारली. खांद्याला हात लावला. त्याच्या पुढचं मी लिहिणार नाही. ते माझं आहे.

गल्लीतला डॉक्टर आला. म्हणाला, झोपेतच हृदय बंद पडलं, त्रास झाला नाही. त्याला काय माहीत? तो होता का तिथं? मी होतो, हातभर अंतरावर, आणि मलाच कळलं नाही.

दिवस वर आला तशी माणसं जमली. बायका आल्या, हिला हिरवी साडी नेसवली, कपाळभर कुंकू लावलं, ओटी भरली, आणि एकेक येऊन मला म्हणायला लागली, "सवाष्ण गेली, भाग्यवान." एकीनं म्हणलं, दुसरीनं म्हणलं, मी ऐकून घेतलं. तिसरीला म्हणलं, "कसलं भाग्य? मी मेलो नाही एवढंच ना?" एक पाहुणा म्हणाला, सोन्यासारखं मरण आलं. सोनं घाला चुलीत. हिचं भाग्य पोर्चमधे पडलं होतं, कडी लावून, आणि ते उघडायचं राहिलं होतं.

तेवढ्यात कन्नडहून बहीण आली. आली ती रडली, रडून झालं की नेहमीप्रमाणं कारभार हातात घेतला. कुणाला चहा दिला, कुणाला नाही, माणसं उन्हाची आलीत, पाणी गार आहे का. मी आत हिच्याजवळ बसलो होतो. बाहेरून कडीचा आवाज आला. खट्. तो आवाज मी आदल्याच दिवशी पहिल्यांदा ऐकला होता, दुकानात, पण ओळखला.

धावत गेलो. झाकण उघडं. बहिणीच्या एका हातात तांब्या, एका हातात बर्फाचा खडा.

"झाकण कुणी उघडलं?"

"अरे दादा, माणसांना पाणी..."

"कुणी उघडलं म्हणतो मी!"

सगळी माणसं पोर्चकडं बघायला लागली. बायको आत पडलीय आणि म्हातारा पेटीवरून ओरडतोय. त्यांच्या तोंडावर दिसत होतं, डोकं फिरलं याचं. फिरलं असेल. तिनं सांगितलं होतं, मी उघडणार. बहिणीला काय बोलायचं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"टाक तो खडा आत."

"दादा, एवढा बर्फ आहे की रे आत. एवढ्याशानं काय कमी होतंय?"

म्हणजे मला ते असं कळलं. बहिणीच्या तोंडून, तांब्याच्या निमित्तानं. मी वाकून बघितलं. लादी कोपऱ्यांना गोल झाली होती, बाकी बसवली तशी बसलेली. इंजेक्शनची डबी वर घट्ट गार.

टिकला होता.

मी झाकण लावलं, कडी बसवली आणि पेटीवर बसलो. ती बसली होती तसाच. मला उठवायला दोघं आले, मी उठलो नाही. मुलगा तेव्हा सामान आणायला बाहेर गेला होता, त्याला यातलं काही ठाऊक नाही.

सिल्लोडचा दोस्त जीप घेऊन आला. आत जाऊन हात जोडून आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. मग पेटीवर बोट वाजवून हळूच म्हणाला, "भाभी का बर्फ टिक गया क्या?"

"टिकला."

त्यानं मान खाली घातली. तेवढा एकच माणूस त्या सकाळी नीट बोलला.

न्यायची वेळ झाली. गाडी आली, हिला त्या गाडीतून नेलं. मी पेटी उचलली. मुलगा म्हणाला, "बाबा, पेटी कशाला?" मी म्हणलं, "माझी आहे." घरी ठेवली असती तर बहिणीनं सगळ्या गल्लीला सरबत पाजलं असतं. दोस्तानं दुसरी मूठ धरली, जीपमधे पुढं चढवली, मी तिच्यामागं बसलो. ती पुढची जागा हिला द्यायचं ठरलं होतं.

स्मशानात सरण रचून झालं. भावकीतल्या म्हाताऱ्यानं मुलाच्या खांद्यावर द्यायचं मडकं हातात घेतलं आणि नळ सोडला. नळातून नुसता वारा. आमच्या शहरात उन्हाळ्यात जिवंत माणूस आठवडाभर नळाकडं बघत बसतो, मेलेल्याची काय कथा. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणी म्हणालं बाटली आणा, कुणी म्हणालं दुकान लांब आहे. एवढी शिकलेली माणसं जमली होती, एकाच्याही हातात मडकंभर पाणी नव्हतं.

मी जीपकडं गेलो. कडी काढली. या वेळी मीच काढली, दुसरं कोण काढणार? डबी खिशात टाकली. लादी अजून होती, पण भोवती पाणी सुटलं होतं. मडकं बुडवलं, काठोकाठ भरलं, आणि म्हाताऱ्याच्या हातात दिलं. त्यानं हात आखडला, माझ्याकडं बघितलं. मडकं मुलाच्या खांद्यावर ठेवलं.

मुलगा उघड्या अंगानं निघाला, आईच्या भोवती पहिला फेरा. फेरा संपला तसा म्हाताऱ्यानं मागून दगडानं मडक्याला टोच मारली. धार सुटली आणि सरळ त्याच्या पाठीवर आली.

तो जागच्या जागी ताठ झाला. मान वळवून माझ्याकडं बघितलं. मागं जीप उभी होती, जीपमधे पेटी होती, ती त्याला दिसली. एवढ्या उन्हात त्याच्या अंगावर काटा उभा राहिला होता.

"बाबा," तो म्हणाला, "पाणी गार आहे."

"व्हय," मी म्हणलं. "चाल. अजून दोन फेरे राह्यलेत."